रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस : मराठवाड्यातल्या कॅन्सर फेरतपासणीचा इतिहास

रेल्वेच्या सवलतींच्या यादीत कॅन्सर रुग्णांसाठी एक कलम आहे. उपचारासाठी किंवा ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठी निघालेल्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं. त्याच्या सोबत्याला त्याच डब्यात ७५ टक्के सूट मिळते. रुक्ष सरकारी भाषेतल्या या ओळीत दोन गोष्टी मान्य केलेल्या आहेत. हा आजार एका फेरीत संपत नाही, आणि जाणारा माणूस एकटा जात नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या बाकी कागदांत मला या दोन गोष्टी इतक्या सरळ क्वचितच वाचायला मिळाल्या.

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि हिंगोली. कॅन्सरचा संशय आला की इथला माणूस जिल्ह्याबाहेर निघतो. कुणी नांदेडला, कुणी औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर), कुणी बार्शीला, कुणी नागपूरला, कुणी हैदराबादला, आणि शेवटी मुंबईला. आपल्याकडे याला ‘दवाखान्याच्या वाऱ्या’ म्हणतात. ज्या जिल्ह्यात संत नामदेवांचं नर्सी आहे, तिथे वारी म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. पंढरीची वारी दिंडीनं होते. दवाखान्याची वारी मात्र फार तर दोघांची असते, आणि त्यातला दुसरा बहुतेक वेळा मजुरी बुडवून आलेला असतो.

या वाऱ्या दोन तऱ्हेच्या असतात. तपासणीत काहीतरी संशयास्पद निघालं म्हणून पुन्हा बोलावणं येतं, ती पहिली. उपचार पूर्ण होऊन माणूस बरा झाला, पण दर तीन किंवा सहा महिन्यांनी ‘पुन्हा तर आला नाही ना’ हे बघायला जावं लागतं, ती दुसरी. दोन्हींत एक काळ सारखा असतो. तपासणी झालेली असते आणि रिपोर्ट आलेला नसतो. या मधल्या दिवसांत माणसाच्या आणि त्याच्या घराच्या मनाचं काय होतं, आणि ते सांभाळायला आपण आजवर काय केलं, याचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही. कॅन्सरचा आपल्याकडचा इतिहास इमारतींचा, देणगीदारांचा आणि मशिनींचा आहे. मधल्या दिवसांचा इतिहास त्याच्या फटींतून शोधावा लागतो.

हैदराबादची वाट, मुंबईची वाट

१९५६ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानाचा, आणि विलीनीकरणानंतर हैदराबाद राज्याचा भाग होती. स्टेशनच्या नावात ‘हिंगोली डेक्कन’ हे शब्द आजही आहेत. तेव्हा पूर्णेला गाडी बदलून मीटर गेजने हैदराबाद गाठायचं हा इथला सरळ रस्ता होता. कोर्टकचेरीही तिकडे, शिक्षणही तिकडे आणि मोठा दवाखानाही तिकडेच. १९५५ मध्ये हैदराबादेत कॅन्सरचं वेगळं रुग्णालय सुरू झालं. मेहदी नवाज जंग यांचं नाव त्याला आहे. निजामाच्या काळातले प्रशासक, नंतर हैदराबादचे मंत्री आणि पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल, अशी त्यांची कारकीर्द. रुग्णालय सुरू झालं आणि वर्षभरात राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. राजधानी बदलली, भाषेचं राज्य आलं, ते हवंही होतं. पण आजारी माणसाच्या ओळखीचा रस्ता एका तारखेनं परका झाला. हैदराबादेत उर्दू-दखनी बोलून भागत होतं, नातलगांची घरं होती. मुंबईत यातलं काहीच नव्हतं.

मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं होतं. त्याच्या जन्माची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात वारल्या. देशातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एका घरातल्या बाईला उपचारासाठी समुद्रापार जावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टनं परळला हे रुग्णालय बांधलं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

त्याच ट्रस्टचं दुसरं काम कॅन्सरच्या संदर्भात कुणी सांगत नाही. रुग्णालयाच्या पाच वर्षं आधी, १९३६ मध्ये, त्यांनी मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था काढली होती. तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. रुग्णाशी बोलायला, त्याच्या घरच्यांना धीर द्यायला, तो पुन्हा का आला नाही हे शोधायला पगारी माणूस लागतो, ही कल्पना रुग्णालयाच्या पदांच्या यादीत तेव्हा आली. आजही ग्रामीण मराठवाड्यातल्या कितीतरी दवाखान्यांत एक्स-रे मशिन सापडेल, हे पद सापडणार नाही.

तोवर हे काम पदाशिवाय करणारी माणसं होती. गाडगे महाराजांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधून घेतली. देवळाशेजारी धर्मशाळा बांधणारे पुष्कळ होते. दवाखान्याशेजारी बांधायला हवी, कारण आजाऱ्याबरोबर आलेला माणूसही अर्धा आजारीच असतो, हे ओळखणारे महाराज एकटेच म्हणावे लागतील. पुढे दादरला त्यांच्या नावानं उभी राहिलेली धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना आसरा दिला. तरीही परळच्या फुटपाथवर रिपोर्टची वाट पाहत झोपणारी कुटुंबं मुंबईकरांनी कित्येक दशकं पाहिली आहेत. अशा धर्मशाळेत खाट मिळते, जेवण मिळतं, आणि आणखी एक गोष्ट मिळते जिची पावती फाडली जात नाही. शेजारच्या खाटेवर त्याच आजाराचा, आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढे गेलेला माणूस असतो. ‘मलाही असंच पुन्हा बोलावलं होतं, काही निघालं नाही,’ एवढं त्यानं म्हटलं तरी पुरतं. डॉक्टरांच्या तोंडून तेच वाक्य इतकं काम करत नाही.

बार्शीचा प्रयोग

मराठवाड्याला खरा शेजार मिळाला तो बार्शीत. १९८२ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात ग्रामीण भागासाठी कॅन्सर रुग्णालय सुरू झालं. त्याला नाव दिलं नर्गिस दत्त यांचं. जन्मनाव फातिमा रशीद. ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं त्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये उपचार झाले होते, मृत्यू मुंबईत आला. मुलाचा पहिला सिनेमा पाच दिवसांनी लागणार होता. त्या वेळचा हिंदी सिनेमा कॅन्सरकडे कसा बघत होता हे ‘सफर’ आणि ‘आनंद’ या १९७० आणि १९७१ च्या चित्रपटांत दिसतं. आजार कळला म्हणजे मरण कळलं. त्यात फेरतपासणी नावाची गोष्ट नाहीच, कारण फेरतपासणीला बरं होण्याची शक्यता लागते.

बार्शीत डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट केली. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. मुंबईत अशी नोंदणी १९६० च्या दशकातच सुरू झाली होती, पण शहरात ती रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. खेड्यात कागदच नव्हते. खेड्यातला कॅन्सर रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता, तर नोंद कुठून व्हायची? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शाळामास्तर, सुईण, घरातल्या बायका यांना विचारत. अंगावरून जातंय का कुणाला, तोंडातला चट्टा बरा होत नाहीये का, गाठ आहे का. विचारता विचारता सांगावंही लागे, की लवकर आलात तर बरं होता येतं.

डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. आर. एस. राव, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते वाचण्यासारखं आहे. त्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ज्या बायका दाखल झाल्या, त्यांत आजार लवकरच्या टप्प्यात असलेल्यांचं प्रमाण वाढलं होतं. तपासणीची कोणतीही नवी मोहीम तिथे चाललेली नव्हती. फक्त ओळखीची माणसं घरी येऊन बोलत होती, आणि दवाखान्यात सोबत करत होती. माझ्या मते या विषयातला मराठी मुलखातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, आणि सर्वांत कमी सांगितला गेलेलाही.

या ओळखीच्या बळावरच पुढचा मोठा अभ्यास उभा राहिला. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांचं हे एकत्र काम होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची म्हणजे पॅप चाचणी, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी नाही, नेहमीची सेवा आणि माहिती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, तर त्या गटात ८२. उरलेल्या दोन चाचण्यांनी असा ठळक फरक पडला नाही. आज जगभर एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती मिळते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी दिलेला आहे. त्या बायकांचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, ते राहू द्या.

माझा मुद्दा या आकड्यांच्या मागे आहे. ॲसेटिक ॲसिडच्या पाहणीत उत्तर मिनिटाभरात मिळतं. पांढरा डाग दिसला की दिसला. बाई तिथेच असते, पुढची तपासणी लगेच होऊ शकते. एचपीव्हीचा नमुना प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट नंतर येतो, आणि दोष निघाला तर बाईला पुन्हा बोलवावं लागतं. म्हणजे जी चाचणी जास्त जीव वाचवते, तीच वाट पाहायला लावते. जीव वाचतो तो चाचणीमुळे नाही, चाचणीनंतर बाई परत येते तेव्हा. ती परत यावी म्हणून उस्मानाबादेत आरोग्य सेविका तिच्या दारात गेल्या, नावानिशी बोलावणं दिलं, गावातच तपासणीची जागा केली. संशोधनाच्या निबंधात याला एक परिच्छेद मिळतो. प्रत्यक्षात तोच सगळा डोलारा होता.

कोण आलं आणि कोण आलं नाही, याचाही हिशेब या मंडळींनी ठेवला. बोलावलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के बायका तपासणीला आल्या. कुठल्याही खेड्यासाठी हा मोठा आकडा आहे. न आलेल्यांत विधवा आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांचं प्रमाण जास्त होतं. दोष निघाल्यावर उपचार पूर्ण करणाऱ्यांत शिकलेल्या, कमी बाळंतपणं झालेल्या आणि नवरा असलेल्या बायका पुढे होत्या. चाचणी सगळ्यांना फुकट होती, रस्ता तोच होता. फरक होता तो घरात ‘चल, मी येतो’ म्हणणारं कुणी असण्या-नसण्याचा. मानसिक आधार हा शब्द ऐकला की आपल्याला समुपदेशकाची खोली आठवते. उस्मानाबादच्या विधवांसाठी तो शब्द म्हणजे एसटीत शेजारच्या सीटवर बसलेलं माणूस.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती नोंदवली पाहिजे. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना तपासणीशिवाय ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं कितपत न्याय्य होतं, त्यांना हे पुरेसं समजावून सांगितलं होतं का, असे प्रश्न अमेरिकेतले डॉक्टर एरिक सूबा यांनी उभे केले. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्यावर वाद झाला. संशोधकांचं म्हणणं होतं की त्या काळी देशात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच होतं. दोन्ही बाजूंचं खरं आहे, पण मला पहिली बाजू जास्त अस्वस्थ करते. माहिती देऊन सोडून दिलेली बाई आणि दारात जाऊन सोबत नेलेली बाई, यांच्यातलं अंतर ६४ आणि ३४ असं कागदावर आलं, म्हणूनच.

भीतीचा बाजार

सोबत नसली की भीतीचं काय होतं, याचं उदाहरण शेजारच्याच बीड जिल्ह्यानं २०१९ मध्ये दाखवलं. ऊसतोड कामगार बायकांची गर्भपिशवी मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं हे ऑपरेशन झालेलं आढळलं. कारणं अनेक होती. उचल, मुकादम, खाडा, पाण्याविना पाळीचे दिवस. पण कितीतरी बायकांनी सांगितलेलं एक कारण आपल्या विषयाचं आहे. पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जाई. इथे संशय आणि खात्री यांच्यातले सगळे टप्पे गाळले गेले. चाचणी नाही, वाट पाहणं नाही, पुन्हा बोलावणं नाही. मधले दिवस सोसवत नाहीत हे ओळखून कुणीतरी ते दिवसच विकत घेतले. हिंगोलीच्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरूनही टोळ्या ऊसतोडीला जातात.

एचपीव्ही चाचणी गावोगाव येईल तेव्हा आणखी एक भीती तिच्यासोबत येणार आहे. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं घरी पोचलं की पहिला प्रश्न कॅन्सरचा नसेल, चारित्र्याचा असेल. खरं तर हा अतिशय सर्रास आढळणारा विषाणू आहे. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. तो कधी आला हे सांगता येत नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. एवढं नवऱ्याला आणि सासूला शांतपणे समजावून सांगणारं कुणी नसेल, तर बाई दुसऱ्या खेपेला येणार नाही. तिला कॅन्सरपेक्षा घर तुटण्याची भीती जवळची वाटेल, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

बरं झाल्यानंतर

दुसऱ्या तऱ्हेच्या वारीकडे जगाचं लक्ष आणखी उशिरा गेलं. उपचार संपले की रुग्ण संपला, असं डॉक्टरांनाही वाटे. १९८५ मध्ये फिट्झह्यू मुलन या अमेरिकन डॉक्टरनं, ज्याला स्वतःला कॅन्सर झाला होता, बरं होण्याचे तीन ऋतू सांगितले. पहिला उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यावर पुन्हा पुन्हा तपासत राहण्याचा, ज्यात शरीरापेक्षा मनातली भीती मोठी असते. तिसरा, आता तो परत येणार नाही असं बऱ्यापैकी म्हणता येण्याचा. दुसऱ्या ऋतूला वेगळं नाव देणं हेच त्यांचं मोठं काम. पुढे २०११ मध्ये ब्रूस फायलर या लेखकानं, हाडाच्या कॅन्सरमधून वाचल्यावर, ‘टाइम’ साप्ताहिकात या भीतीबद्दल ‘स्कॅनझायटी’ हा शब्द वापरून लिहिलं. स्कॅनची तारीख जवळ आली की सुरू होणारी घालमेल. आपल्याकडे त्याला आधीपासून ‘धाकधूक’ हा चांगला शब्द आहे, पण तो केसपेपरवर कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे सुरुवात मुलांपासून झाली. १९९१ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. बरी झालेली मुलं वर्षानुवर्षं तिथे येत राहिली. त्यांची उंची, अभ्यास, पुढे लग्न, नोकरी, हे सगळं तिथे विचारलं जाऊ लागलं. त्यातूनच २००९ मध्ये, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं, अशा मोठ्या झालेल्या मुलांचा ‘उगम’ हा गट तयार झाला. ज्यांनी लहानपणी रांगेत बसून वाट पाहिली, ते आता रांगेत बसलेल्या मुलांच्या आईबापांशी बोलतात. मोठ्या रुग्णांसाठी १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी ‘व्ही केअर’ काढलं. त्या स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या. त्यांचे स्वयंसेवक रुग्णालयात खाटेजवळ जाऊन बसतात. धर्मशाळेतल्या शेजारच्या खाटेचंच हे सुसंघटित रूप.

हे सगळं मुंबईत. वसमतच्या माणसाचा दुसरा ऋतू वसमतलाच जातो, हळदीच्या शेतात. तिथे त्याला विचारणारं कोण?

इथे आपल्या घरातल्या रिवाजाकडे वळावं लागतं. मुस्लिम घरांत इयादत, म्हणजे आजाऱ्याच्या भेटीला जाणं, ही सुन्नत मानली जाते. मराठी घरांत लोक समाचाराला येतात. दोन्हींकडे माणसं खरोखर येतात. फळं आणतात, उशाशी बसतात, दुआ करतात, अंगारा लावतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही आजाऱ्याला हे सुख आहे. पण हा रिवाज आजारी दिसणाऱ्या माणसासाठी आहे. केस पुन्हा उगवले, माणूस शेतात जाऊ लागला, की येणं थांबतं. सहा महिन्यांनी तो फाईल पिशवीत घालून पहाटेच्या गाडीनं निघतो तेव्हा गल्लीला पत्ता नसतो. बरं झालेल्याची इयादत कुणी करत नाही.

आणि कधी कधी येणाऱ्यांचाच जाच होतो. ‘अमक्याला पण असंच झालं होतं, दोन महिन्यांत गेला’ हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे भेट पूर्ण होत नाही. दुसरीकडे घरचे आजाराचं नावच घेत नाहीत. ‘मोठी बिमारी’, ‘गाठीचं दुखणं’ असं म्हणून वेळ मारून नेतात, डॉक्टरला बाहेर गाठून ‘त्यांना सांगू नका’ म्हणतात. प्रेमापोटीच. पण ज्याला आजार काय आहे ते सांगितलेलंच नाही, त्याला दर सहा महिन्यांनी मुंबईला का न्यायचं, याचं उत्तर घरच्यांकडे उरत नाही. मग तोच एक दिवस म्हणतो, आता मी ठीक आहे, कशाला पैसे घालवता. आणि वारी तुटते. लपवणारा मुलगा, समजून न समजल्यासारखं करणारी आई, दोघंही एकाच छपराखाली आपापल्या जागी एकटे.

आजचा कागद

औरंगाबादचं शासकीय कॅन्सर रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावानं चालणाऱ्या आरोग्य योजनेमुळे ऑपरेशन, किमो, रेडिएशन यांचा खर्च गरिबाच्या डोक्यावरून बराच उतरला. हे मोठं काम आहे आणि मान्य केलं पाहिजे. सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी मात्र कोणत्याच योजनेत बसत नाही.

तपासणीसाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये आराखडा दिला. ३० वर्षांवरच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी ठरावीक वर्षांनी तपासणी, गावपातळीवर. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या देशभरात १.९ टक्के. स्तनाची तपासणी झालेल्या एक टक्क्याहूनही कमी. उस्मानाबादेत वीस वर्षांपूर्वी ७९ टक्के आल्या होत्या. बायका त्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० साठी ७० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आहे. ते अशक्य नाही हे बार्शीच्या लोकांनी आधीच दाखवून ठेवलं आहे, फक्त त्यांनी ते कसं केलं ते वाचायला हवं.

हिंगोलीत हे काम येऊन पडतं आशाताईवर. तिच्याकडे एक छापील फॉर्म असतो. घरोघर जाऊन ३० वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तो भरायचा. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, तोंड उघडायला त्रास होतो का, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर अंगावरून जातं का. अलीकडच्या फॉर्ममध्ये शेवटी दोन प्रश्न मनाचेही घातले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती वेळा झालं? उदास, हताश किती वेळा वाटलं? प्रश्न चांगले आहेत. ते विचारले जातात पहिल्या भेटीत, जेव्हा बाईची अजून कसलीच तपासणी झालेली नसते आणि ती बहुतेक ‘काही नाही बाई’ म्हणून हसते. नमुना प्रयोगशाळेत गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत तेच दोन प्रश्न पुन्हा विचारायला त्या फॉर्मवर रकाना नाही. आशाताईला त्या दुसऱ्या फेरीचा मोबदलाही नाही.